खडूस यांचा राजीनामा

३ मार्च

आज सकाळी नवऱ्याचा राजीनामा आला. पाठवला तेव्हा तो जेवणाच्या टेबलाच्या त्या टोकाला होता, मी या टोकाला. लॅपटॉप मिटून त्याने टोस्टला लोणी लावलं आणि म्हणाला, "तुला एक मेल आलीय."

"आत्ता बघू?"

"ऑफिसात बघ. संपादकांना आहे."

म्हणून ऑफिसात जाऊन बघितली. 'आदरणीय संपादक, वैयक्तिक कारणास्तव मी महिनाअखेर मुख्य परीक्षक या पदावरून मोकळा होऊ इच्छितो. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.' 'आदरणीय' सोडलं तर कापण्यासारखं काही नव्हतं. त्याचं लिखाण असंच असतं. म्हणून तर त्याचं नाव आहे.

नणंद म्हणते, डोक्यात साठवून ठेवू नकोस, लिहून काढ, आणि परक्या माणसाला सांगतेयस असं लिही. तर परक्या माणसासाठी: आमची व्हिडिओ गेम्सच्या बातम्यांची आणि परीक्षणांची साइट आहे. लग्नाआधी आम्ही दोघांनी काढली. त्याने खेळायचं आणि लिहायचं, मी कापायचं आणि साइटवर टाकायचं. तो 'खडूस' या नावाने लिहितो. खडूसने बरं म्हटलं की लोक डोळे झाकून गेम विकत घेतात. खडूसने नाक मुरडलं की गेम बनवणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. मी स्वतः गेम खेळत नाही. दोघांपैकी एकाने तरी शुद्धीवर राहायला हवं.

ऑफिसात आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. सुरुवातीला गंमत म्हणून करायचो. गंमत कधी गेली ते आठवत नाही, अहो-जाहो राहिलं.

संध्याकाळी एकाच गाडीतून घरी आलो. विषय निघाला नाही.

४ मार्च

कारण विचारलं. तो भांडी विसळत होता.

"वैयक्तिक म्हणजे नक्की काय?"

"ते संपादकांना सांगायची गरज नसते."

"मग बायकोला सांग."

"बायको विचारेल तेव्हा सांगीन."

"मी बायकोच आहे."

त्याने वळून बघितलं. "तुझ्या हातात पेन आहे," तो म्हणाला.

होतं खरं. मी ते खाली ठेवेपर्यंत आतून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला हाक मारली आणि तो हात पुसत निघून गेला.

६ मार्च

मालकांना कळवलं. साइट डबघाईला आली तेव्हा त्यांनी ती घेतली. त्यांचा मूळ धंदा बाथरूमच्या फरशांचा. ऑफिसच्या निम्म्या खोल्यांत आता फरशांचे नमुने रचलेत. माणसं चुकून आमच्या दारात येतात आणि निसरडी नसलेली फरशी मागतात. मी त्यांना बऱ्यापैकी सल्ला देऊ शकते.

"खडूस जातोय? अरेरे," मालक म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हणजे त्याचा पगार..."

"वाचेल."

"अरेरे," ते पुन्हा म्हणाले. या वेळी जरा उत्साहाने.

त्यांनी मला धीर दिला. खडूसची परीक्षणं लोक नावाजतात, पण वाचत नाहीत, हे त्यांनी तक्त्यावर दाखवलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर म्हणजे 'मांजर असलेले गेम'. त्याखाली 'मांजर असलेले आणखी काही गेम'. "कुत्र्यांकडे आपलं दुर्लक्ष झालंय," मालक म्हणाले. मी ते टिपून घेतलं.

१० मार्च

हा दुसरीकडे चालला असणार, अशी माझी खात्री झाली होती. माणूस वैयक्तिक कारणास्तव जातो तेव्हा दुसऱ्या साइटवर त्याचं टेबल मांडलेलं असतं. म्हणून आमच्या प्रतिस्पर्धी साइटच्या संपादकाला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलं.

"खडूस? आमच्याकडे?" तो हसायलाच लागला. "अहो, मी किती वेळा बोलावलं त्याला. तो तुम्हाला सोडून कुठे जाणार! हे सगळ्या धंद्याला माहीत आहे."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की 'तुम्हाला' म्हणजे साइटला की मला, हे विचारायचं राहिलं.

१२ मार्च

चार्जर घरी विसरले होते, म्हणून दुपारी घरी गेले. खडूसचं परीक्षण कालच यायला हवं होतं, आणि 'घरून लिहितो' म्हणून त्याने सुट्टी घेतली होती. तो लिहीत नव्हता. सोफ्यावर मांडी घालून बसला होता. शेजारी बाबा, आणि कंट्रोलर बाबांच्या हातात.

बाबा निवृत्त दंतवैद्य आहेत. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. फारसं बोलत नाहीत. सकाळी खिडकीपाशी बसतात, खुर्चीत ऊन आलं की दुसऱ्या खुर्चीत बसतात. मला वाटलं होतं त्यांना ते आवडतं.

गेम जुनाच, एका शहरात गाड्या पळवण्याच्या शर्यतीचा. बाबा पळवत नव्हते. गाडी रस्त्याच्या कडेने चालली होती आणि लाल दिव्याशी थांबली होती. शर्यतीतल्या बाकी गाड्या कधीच दिसेनाशा झाल्या होत्या.

"बाबा, यात सिग्नल पाळावे लागत नाहीत," मी म्हटलं.

"मग लावलेत कशाला?" बाबा म्हणाले.

नवरा पडद्याकडे बघत होता. त्याच्या हातात वही नव्हती. खेळताना त्याच्या हातात कायम वही असते, त्यामुळे मला आधी कळेचना की नेमकं काय चुकतंय.

हिरवा दिवा लागला. बाबांनी एक वळण घेतलं, मग आणखी एक. पडद्यावर 'तुम्ही शेवटचे आलात' असं आलं. "पण पोचलो," बाबा म्हणाले, एका दुकानापुढे गाडी लावली आणि शेजारच्या सीटकडे बघून म्हणाले, "उतर, आलं." गाडीत दुसरं कोणी नव्हतं. त्या गेममध्ये शेजारी कोणी बसूच शकत नाही.

चार्जर घेतला आणि निघाले. परीक्षण संध्याकाळपर्यंत हवं आहे, असं दारातून सांगितलं. "हो, देतो तुम्हाला," नवरा म्हणाला. घरात 'तुम्हाला' म्हणाला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

१५ मार्च

नणंदेचा फोन. "दादा सांगत होता, बाबा हल्ली पोटभर जेवतात."

"हो, डॉक्टरांनी गोळी बदलली ना," मी म्हटलं.

तिने नुसतं 'बरं' म्हटलं. मग म्हणाली, "वहिनी, तू बरी आहेस ना?" मी बरी आहे. काम फार आहे एवढंच. कुत्र्यांचे गेम वाटले होते त्याच्यापेक्षा कमी निघाले.

१८ मार्च

उलगडा झाला! आंघोळ करताना अचानक डोक्यात आलं. अर्धा गुण.

मागच्या महिन्यात एक मोठा गेम आला, समुद्राखालच्या शहराचा. खडूसने त्याला दहापैकी साडेपाच दिले. साइटच्या नव्या मांडणीत अर्धा गुण दिसत नाही, म्हणून मी सहा केले. पूर्णांक करताना वरच्या बाजूला करतात, हे शाळेत शिकवतात. त्या आठवड्यात आमच्या साइटच्या डोक्यावर, पायावर आणि दोन्ही बाजूंना त्याच गेमची जाहिरात होती, हा योगायोग. त्यांच्या जाहिरातवाल्याने मला फोन करून 'साडेपाच जरा कमी वाटतात' असं म्हटलं होतं, तोही योगायोगच म्हणायला हवा, कारण मांडणीची अडचण खरी होती.

खडूस म्हणजे तत्त्वाचा माणूस. त्याचा आकडा कोणी हलवलेला त्याला चालणार नाही. बायकोने हलवलेला तर नाहीच. म्हणूनच 'वैयक्तिक'. घोडं पेंड खात होतं ते इथे! इतके दिवस तो तोंडातून चकार शब्द काढत नाही, आणि मी प्रतिस्पर्ध्यांना फोन करत बसले.

आता काय करायचं ते कळत नाही. आकडा परत बदलला तर जाहिरात जाईल. जाहिरात गेली तर साइट जाईल. नाही बदलला तर नवरा जाईल. साइटवरून, म्हणायचंय मला.

२१ मार्च

खडूसने निरोपाचा लेख दिला. चांगला आहे. उगाच गळा काढलेला नाही. सुरुवातीच्या दिवसांचं आहे, वाचकांनी दिलेल्या शिव्यांचं आहे, ज्या गेम्सवर त्याने अन्याय केला त्यांचंही आहे.

शेवटचा परिच्छेद मात्र सगळा वेगळाच. बाबांचं लिहिलंय. आईला गाडी चालवायची फार आवड, बाबा कधी शिकलेच नाहीत. आई त्यांना रोज दवाखान्यात सोडायची, आणायची, आणि वाटेत ते शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणायचे. आता ते चालवतात आणि तिला शेजारी बसवतात. 'त्या दुपारी माझ्या हातात वही नसते,' असं त्याने लिहिलंय. 'किती वर्षांनी मी नुसता बसून बघतोय. अशा दुपारी मला अजून हव्यात, बाबा आहेत तोवर. आणि ही घरी असेल तर हिच्यासकट.'

परिच्छेद छान आहे, पण लेखाशी त्याचा संबंध नाही. वाचकाला बाबा कोण हे माहीत नाही. 'ही' कोण तेही नाही. आधीच्या परिच्छेदावर लेख ठसठशीत संपतो. कापला.

२४ मार्च

लेख टाकला. मांजरांना मागे टाकलं! मालकांनी दोनदा फोन केला. खडूसने रोज निरोप घ्यावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

प्रतिक्रियांचा पाऊस. एका माणसाने लिहिलं की खडूसने त्याच्या आवडत्या गेमला रद्दी म्हटलं होतं, त्यानंतर वर्षभर तो त्याच्यावर चिडून होता, आणि आज रडला. पण बऱ्याच जणांचं एकच म्हणणं: शेवट तुटल्यासारखा वाटतो. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं, असं कोणीतरी लिहिलंय. लोकांना आटोपशीरपणा कळत नाही.

आमच्याकडे बातम्या लिहिणारी एकच उरली आहे. तिला सगळे बातमीवाली म्हणतात. ती दोन मुलांना शाळेत सोडून येते आणि आल्या आल्या तोंडावर बोलते. तिने लेख वाचला आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"काय कापलंत?"

"वैयक्तिक होतं."

"राजीनाम्यात पण तेच लिहिलंय ना त्यांनी? वैयक्तिक?"

मी तिला बातम्या मागितल्या. ती म्हणाली, बातमी नाही, म्हणून तर विचारतेय.

२६ मार्च

आज आकडा बदलला. सहाचे साडेपाच केले. मांडणीत अर्धा दिसत नाही, म्हणून खाली तीन वाक्यं टाकली: 'परीक्षकांनी साडेपाच दिले होते. संपादकांनी ते सहा केले होते. परीक्षकांचं बरोबर होतं.' तिन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. कापण्यासारखं काही सापडलं नाही. मग बटण दाबलं.

दुपारपर्यंत जाहिरात गेली. आधी डोक्यावरची, मग बाजूच्या, मग पायावरची. साइट एकदम मोकळी दिसायला लागली. दात काढल्यावर जीभ तिथेच जाते, तशी मी सारखी बघत होते.

२७ मार्च

मालक स्वतः आले. ओरडले नाहीत, ते मला जड गेलं. त्यांनी एक फरशी उचलली, फुंकर मारली, जागेवर ठेवली.

"हे करायची गरज होती का?"

"होती."

"अर्ध्या गुणासाठी?"

"हो."

"बाई, मी फरशी विकतो. अर्धी फरशी फुटली तर मी अख्खी बदलून देतो. मला कळतं. पण धंदा नाही चालत असा." महिनाअखेर साइट बंद, असं ते म्हणाले. हवं तर यंत्राकडून लिहून घेतलेल्या याद्यांवर चालू ठेवता येईल, त्या बघायला एक संपादक लागेल, आणि ती मी असू शकते.

मी म्हटलं, विचार करून सांगते. मग ते जिन्यापर्यंत पोचायच्या आत म्हटलं, "नको."

बातमीवालीला सांगितलं. तिला आधीच दुसरी नोकरी मिळाली होती. "खडूस सरांनी शब्द टाकला," ती म्हणाली. "गेल्याच महिन्यात. म्हणाले, साइटचं काही खरं नाही, तुम्ही सोय करून ठेवा. तुम्हाला बोलले नाहीत?"

२८ मार्च

संध्याकाळी बाबा झोपाळ्यासारखे डुलत टीव्हीवरच्या बातम्या ऐकत होते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "तुझा अर्धा गुण परत दिला."

"कुठला?"

"समुद्राखालच्या शहराचा. साडेपाचाचे सहा केले होते मी."

"केले होतेस?" तो म्हणाला.

मला वाटलं नाटक करतोय. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मी छापून आलेलं वाचत नाही."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं. आधी वाचायचो. तू काय कापलंस ते दिसायचं, मग आपली जुंपायची. मग म्हटलं, एक तर लेख वाचावेत, नाही तर संसार करावा."

मी ओट्याला टेकले. साइट बंद होतेय, ते सांगितलं. तो म्हणाला, अंदाज होता. मी म्हटलं, त्या अर्ध्या गुणापायी झालं हे, आणि तू त्याच्यासाठी जात नव्हतासच. तो हसला नाही. हसला असता तर मी काहीतरी फेकलं असतं. तो म्हणाला, "पण बरं केलंस."

"मग निरोपाचा लेखही वाचला नाहीस?"

"नाही. का? चांगला झाला म्हणतात." मग मान खाली घालून कांदा चिरत म्हणाला, "तोंडाने सांगायला जमेना, म्हणून शेवटी लिहिलं. संपादकांच्या हाती पडेल आणि तुला कळेल. कळलं ना?"

मी 'हो' म्हटलं.

न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि फोनवर तो कापलेला परिच्छेद काढून वाचला. तो कापताना मी दोन वेळा वाचला होता. आज पहिल्यांदा वाचला. 'ही घरी असेल तर हिच्यासकट.' वाचकाला 'ही' कोण ते माहीत नाही, असं मी म्हटलं होतं. बरोबरच होतं ते.

बाहेर आले. "डोळे का लाल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कांदा. तो म्हणाला, "कांदा मी चिरतोय."

३१ मार्च

शेवटचा दिवस. टेबलं मालकांच्या माणसांनी उचलली. त्यांच्या जागी पेट्या आल्या, 'मॅट, करडा' असं लिहिलेल्या.

साइटवर शेवटचं काय टाकायचं, असं बातमीवालीने विचारलं. "तो कापलेला भाग टाका. तुमच्याकडे आहे, मला माहितीय. लोक वेडे होतील." मी म्हटलं, नाही. "का?" मी म्हटलं, ते पत्र होतं. चुकीच्या पत्त्यावर आलं होतं एवढंच.

मग आम्ही 'साइट आजपासून बंद' अशी बातमी टाकली. तिनेच लिहिली. मी एक शब्दही कापला नाही. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते सुधारलं.

खडूस शेवटची सही करायला आले. जिन्यात मी म्हटलं, "चल." तो म्हणाला, "चला." मग म्हणाला, "चल."

९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, वेळही होता.

परवा शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात मुलाखत दिली. त्यांनी विचारलं, तुमचा मोठा गुण कोणता. कापणं, म्हटलं. मोठा दोष? तोच, म्हटलं. सोमवारपासून या म्हणाले. अर्धा दिवस काम. दुपारी घरी. नवऱ्याला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. त्याने दोघांना कळवलं की सध्या जमणार नाही. कारण लिहिलं नाही.

आज जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले. नवऱ्याने एक नवा गेम लावला, परीक्षणासाठी कोणी न पाठवलेला, स्वतः निवडून घेतलेला. पडद्यावर एक लहानशी बाई डोंगर चढत होती. पडत होती, पुन्हा चढत होती. मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. या माणसाला कोणत्याही गेमबद्दल पहिला चहा थंड व्हायच्या आत ठाम मत असतं. पूर्वी मी मथळा तयार ठेवून बसायचे.

"कसा आहे?" मी विचारलं.

बाई एका कड्याला लटकत होती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "अजून खेळतोय."

टॉवेल बाजूला ठेवले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने जरा सरकून जागा केली. पुढे काय होतं ते मी विचारलं नाही.